जिला बोटानं येतं तिला घ्या

वैजूनं पिशवीतून काळा माऊस काढला, त्याची शेपटी एका बारक्या जोडतारेत अडकवली, ती तार टॅबच्या बुडात खुपसली, आणि शेडमधल्या बावीस बायांचे कटरवरचे पाय थांबले.

“अगं बया, उंदीर पाळलास व्हय गं?” मालन ओरडली.

“पाळला न्हाई, कामाला लावलाय,” वैजू म्हणाली. “तुमच्यापरीस बरा. घटकाघटकाला चहा मागत न्हाई.”

हशा झाला. मी हसले नाही. माझ्या शेडमध्ये कधी हसायचं ते मी ठरवत होते.

“काय गं,” मी म्हणाले, “ती काच बोटानं चालती न्हवं? शेंबडी पोरं चालवत्यात. तुला काठी कशाला लागली?”

“टिंब बारीक असतंय, आत्या. माऊसनं नेमकं धरता येतंय.”

“स्नेहलला न्हाई लागत.”

“तिची बोटं निमुळती हाईत,” वैजू म्हणाली. मान काही वर केली नाही. पडद्यावरचा बाण मुंगीच्या चालीनं सरकवत राहिली.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. वैजयंता माझी सून, उत्तमची बायको. बाकी गाव मला अक्का म्हणतं. आजऱ्याच्या पलीकडे डोंगराला चिकटून आमचं गाव, आणि गावात बायांच्या गटाचा काजू कारखाना. तो मी उभा केला, दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं. सही करताना अजून माझा ‘ष्ण’ अडखळतो, पण माझ्या सहीशिवाय त्या कारखान्याचं दार उघडत नव्हतं.

त्या वर्षी एका मोठ्या खरेदीदारानं आमचा माल घ्यायचं कबूल केलं आणि अट घातली. सोललेल्या गराच्या प्रत्येक ट्रेचा टॅबवर फोटो काढायचा. त्यात जो गर डागी, करपका, किडका दिसेल त्याच्यावर टिंब देऊन तसं नाव घालायचं. ह्या कामाला एक बाई कायमची. तिला वेगळी खोली, खुर्ची, डोक्यावर पंखा. त्यांच्या मॅडमनी मालनच्या स्नेहलला आणि आमच्या वैजूला शिकायला म्हणून एक टॅब महिनाभर ठेवून दिला. शनिवारी त्या येणार, दोघींचं काम बघणार आणि एकीला नेमणार. ज्या दिवशी वैजूनं माऊस आणला तो सोमवार. गडहिंग्लजला तिचा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्याच्याकडून आणलेला.

काजू खाणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून सांगते. बीच्या टरफलात चीक असतो. बी उकडून वाळवली तरी तो मरत नाही. कटरवर बी धरायची, पायानं दांडी दाबायची, टरफल दोन फाकी होतं आणि चीक बोटांवर उडतो. तो भाजतो. पहिले आठ दिवस फोड, मग काळी सालं, मग बोटांची शेवटं मरतात आणि दुखायचं थांबतं. त्यासाठी आम्ही हाताला एरंडेल चोळून वर राख लावतो. प्रत्येकीच्या कटरशेजारी चाळलेल्या राखेचा डबा असतो. माझा पितळी, झाकणाचा, सगळ्यांत मोठा. माझ्या हातांवर एक रेघ उरलेली नाही. ज्योतिषी दारात आला की मी त्याला तळवा दाखवून म्हणायची, “वाच. माझं नशीब मीच सोलून काढलंय.”

वैजू लग्न होऊन आली ती पिशवीत रबराचे हातमोजे घेऊन. तिच्या आईनं दिलेले, पिवळे. पहिल्याच दिवशी सगळ्या बायांच्या देखत ती ते चढवायला लागली. मी म्हणाले, “पोवारांच्या घरात सोवळ्यानं काजू फोडत न्हाईत. मोजा घातला की गर कळत न्हाई हाताला, तुकडा पडतोय.” आणि ते मोजे बॉयलरच्या भट्टीत टाकले. रबर जळल्याचा वास संध्याकाळपर्यंत शेडमध्ये होता. बाया हसल्या. वैजू राखेत हात बुडवून कटरवर बसली. वर्षभरात तिच्या तोडीची बाई तालुक्यात उरली नाही. तिच्या हातचा गर असा अख्खा निघायचा की ट्रे बघायला लोक यायचे, आणि मी सांगायची, “माझ्या तालमीत तयार झालीया.”

तेव्हा मला ती खुर्चीवर नको होती. ह्याला दोन कारणं. एक मी सगळ्यांना सांगत होते: असा हात खुर्चीत बसवला तर कटरवर कोण बसणार? दुसरं कुणाला सांगितलं नाही. त्या खोलीला काचेची खिडकी होती, आणि खुर्चीवर बसलेल्या बाईला तिथून शेडमधली प्रत्येक बाई खाली बसलेली दिसणार होती. मीसुद्धा.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी घरी जेवायला बसलो होतो. नात रेवती दोन वर्षांची. वैजूनं दूधभात कालवला, घास केला, पोरीच्या तोंडात दिला, आणि पोरीनं असा टाहो फोडला की शेजारची गुरवीण धावत आली. भात चुलीवरून नुकता उतरलेला. जीभ भाजली होती.

“आई हाईस का वैरीण?” मी तिला धारेवर धरलं. “घास हातात घेतलास तवा कळलं न्हाई, किती गरम हाय त्ये?”

वैजूनं पोरीला मांडीवर घेतलं. पोरीच्या जिभेवर फुंकर घालत बसली.

“ध्यान कुठं असतंय तुझं? त्या उंदरात?”

“चुकलं, आत्या.”

“चुकलं म्हणं. पोरीला इच्यार, चुकलं म्हंजे काय.”

त्या दिवसापासून ती प्रत्येक घास आधी आपल्या ओठाला टेकवायची आणि मग पोरीला भरवायची. माझ्यासमोर. मला वाटलं, मुद्दाम करते आहे. सासू बोलली, ती कशी बोलली, हे गुरविणीला दिसावं म्हणून. मी ताट सरकवून उठायची.

शुक्रवारपर्यंत ती माऊसवर अशी तयार झाली की ट्रेचा फोटो पडला न पडला तोवर बाण डागी गरावर जाऊन बसायचा. स्नेहल बोटानं करायची, पण घाईत चांगल्यालाच डागी ठरवायची. वैजूचं एक टिंब चुकत नव्हतं. चुकणार कसं? डोळा कटरवर घडलेला. मालन मला म्हणाली, “अक्का, खुर्ची तुमच्याच घरात येती बघा. नशीब काढलंसा.”

“आमच्या घराला खुर्चीची हौस न्हाई,” मी म्हणाले.

शनिवारी सकाळी वैजू गराचे ट्रे आणायला मागच्या वाळवणाच्या खोलीत गेली. तिची पिशवी खुंटीला होती. शेडमध्ये मी एकटी. मी माऊस काढला, त्या जोडतारेसकट, माझ्या पितळी डब्यात राखेच्या खाली दाबला आणि झाकण लावलं. हात झाडले. मनात एवढंच होतं की काठी काढून घेतली की पांगळं कोण ते दिसेल. शिकलीसवरली म्हणून मिरवणारीला चार बायांत एकदा बोटानं करावं लागू दे. अडखळेल, लाजेल, कटरवर परत येईल. ह्याहून जास्त माझ्या मनात काही नव्हतं, हे देवाला साक्ष ठेवून सांगते. पण देवाची साक्ष काढायची वेळ येते तेव्हाच माणसानं समजावं.

मॅडम आल्या. तरुण होत्या, केस कापलेले, बोलायला गोड. गाडी दारात चालू ठेवून आल्या होत्या, पुढे आणखी दोन गावं करायची होती. टेबल शेडच्या मधोमध मांडलं. आम्ही सगळ्या आपापल्या कटरवर. माझा कटर सगळ्यांत पुढे, टेबलाला लागून.

स्नेहलनं केलं. विसांतले चार चुकले. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. सरावानं सुधारेल. आता वैजयंताताई.”

वैजू पिशवीपाशी गेली. हात घातला. पिशवी खाली काढली, उलटी केली. पोरीचं झबलं पडलं, कंगवा पडला, कागदात बांधलेली भाकरी पडली.

“काय शोधताय?”

“माऊस. सकाळी हुता, मॅडम. माझ्या हातानं ठेवलावता.”

“असू दे हो. बोटानं करा. टच आहे ना.”

वैजू खुर्चीच्या कडेवर बसली. उजव्या हाताचं पहिलं बोट डागी गरावर टेकवलं. काही झालं नाही. परत टेकवलं. दाबलं. काही नाही.

“जरा बोट पुसा. कोरडं असेल तर ओलं करून पुसा.”

तिनं पदराला पुसलं. फुंकर घातली. जिभेला लावून पुसलं. दुसरं बोट टेकवलं. तिसरं. करंगळी. अंगठा. मग डावा हात. एकेक बोट ती त्या काचेवर ठेवत गेली, जसं आपण बंद घराचं दार वाजवतो, आणि आतून कुणी ओ देत नाही. दहाही झाली. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

मग तिनं मूठ वळली आणि बोटाच्या मागच्या पेरानं टेकवलं. काच लगेच जागी झाली. पण पेर जाड. टिंब एकाच्या जागी दुसऱ्यावर पडलं. पुसलं, तर तिसऱ्यावर. आता बायांना हसू आवरेना. “मुंगीला कोपरानं मारतीया,” मालन म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वैजूचा हात धरून उताणा केला. बोटांची शेवटं आपल्या अंगठ्यानं चाचपली.

“अहो, ह्या बोटांना तर कातडंच राहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “काचेला कळणार कसं की बोट आहे म्हणून? सगळ्यांचंच असं झालंय का इथे?”

त्यांनी शेडभर नजर फिरवली. आणि मी बघितलं, बावीस बायांनी एकापाठोपाठ एक आपले हात पदराखाली घेतले. स्नेहलचे तेवढे टेबलावर होते. तिला मालननं एक दिवसही कटरला बसवलं नव्हतं. शिकू दे म्हणाली होती, आणि तेव्हा मी मालनला नावं ठेवली होती.

वैजूनं हात सोडवून घेतला. “मॅडम, माऊस असला की माझं एक बी चुकत न्हाई. मला सोमवारपत्तूर द्या. भावाकडनं दुसरा आणून दाखवते. तुमी कुठं म्हणाल तिथं येऊन दाखवते.”

आवाज स्थिर होता. पण तिच्या पायाचा अंगठा जमीन उकरत होता, ते मला माझ्या जागेवरून दिसत होतं.

मॅडम घड्याळ बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. “अध्यक्ष तुम्ही आहात. सून पण तुमचीच. तुम्ही सांगा, थांबू सोमवारपर्यंत? मला चालेल.”

वैजूनं तेव्हा माझ्याकडे बघितलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण असं सरळ तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

माझा डावा हात डब्याच्या झाकणावर होता. वीतभर राखेखाली ते होतं. झाकण उघडलं असतं, “अगं, हितं पडलाय बघ” म्हटलं असतं, कुणाला कळलंही नसतं. किंवा तेवढं नको, नुसतं “थांबा” म्हटलं असतं. एक शब्द. पण थांबा म्हणायचं म्हणजे, ही बोटं अशी का झाली ते सगळ्यांच्या देखत कबूल करायचं. भट्टीत जळलेल्या पिवळ्या रबराचा वास त्या शेडमधली एकही बाई विसरली नव्हती. मालनच्या तोंडावर ते दिसत होतं. ती वाट बघत होती, अक्का आता काय करते.

“पोवारांच्या घरात सवलत मागायची रीत न्हाई,” मी म्हणाले. “जिला बोटानं येतं तिला घ्या.”

मॅडमनी कागदावर स्नेहलचं नाव घातलं. मी सही केली. ‘ष्ण’ त्या दिवशी अडखळला नाही.

दुपारी काम सुरू झालं. वैजूचा कटर माझ्या शेजारचा. तिच्या डब्यातली राख संपली होती. सकाळी ट्रेच्या गडबडीत भरायची राहिली होती. ती माझ्याकडे वळली, काही न विचारता माझं झाकण काढलं आणि दोन्ही हात राखेत घातले. माझे पाय दांडीवर थांबले.

हात आत थांबले. लगेच नाही. आधी ती राख चोळतच राहिली, बोटांच्या मध्ये, मनगटापर्यंत. त्या बोटांना काय कळणार? तार मनगटाला लागली तेव्हा कळलं. तिनं माऊस बाहेर काढला. राखेची धार गळत होती. फुंकर घातली. पोरीच्या जिभेवर घातली होती तशीच, हलकी.

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं, आणि माझ्याकडे उत्तरं कधी कमी नव्हती.

तिनं माऊस परत राखेत ठेवला. वर राख लोटली. झाकण लावलं.

“ठेवलाय तिथंच, आत्या,” म्हणाली. “लागला तर काढा.”

आणि तिचं पोतं तिनं संध्याकाळपर्यंत फोडून संपवलं. मी मुद्दाम ट्रे बघितला. एक तुकडा नव्हता.

घरी आल्यावर उत्तम मला परसात बोलावून घेऊन गेला. तो टेम्पो चालवतो, मुळात कमी बोलतो.

“आई, माऊस तू लपिवलावतास?”

“व्हय.” खोटं बोलायची मला सवय नाही. “एका उंदरापायी एवढं काय झालं? खुर्ची न्हाई मिळाली, कटर हाय की.”

“कटरच न्हको हुता तिला.” त्यानं आवाज चढवला नाही. “कोल्हापूरला दाखवून आणलंवतं मी. डाक्टर म्हणाला, सहा म्हैने चीक लागू दिला न्हाई तर कातडं परत येईल. तिला खुर्ची बिर्ची काय न्हको हुती गं. पोरगी जल्मल्यापासनं तिच्या बोटांना पोरीचा गाल लागलेला न्हाई. अंग तापलंय का गार हाय, घास गरम हाय का निवलाय, काय कळत न्हाई. सहा म्हैने, म्हणायची, सहा म्हैने खुर्चीवर काढले की मला माझी पोर हाताला लागंल.”

“मग मला का न्हाई सांगितलंसा?”

“मी म्हणत हुतो, सांग. ती म्हणाली, आत्यांनी आपली बी बोटं ह्यातच घालिवल्यात. त्यास्नी कसं म्हणू, तुमच्यामुळं माझी गेली?”

मी परसातल्या दगडावर बसले होते. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “आमच्या वेळंला न्हवतं असलं कुणाला गाल लागायचं कौतिक.”

उत्तमनं माझ्याकडे बघितलं आणि तो आत गेला. पुढच्या आठवड्यात ती तिघं गडहिंग्लजला निघून गेली. जाताना वैजू माझ्या पाया पडली. रीत सोडली नाही तिनं. तिची बोटं माझ्या पावलांना लागली, खरखरीत, आणि मला एवढं कळलं की माझी पावलं तिला लागलेली नाहीत.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. दोन वर्षांनी तो खरेदीदार सुटला, मग गटही मोडला. शेडला कुलूप आहे. मालन स्नेहलकडे पुण्याला गेली. मी माझ्या घरात एकटी आहे, आणि कुणाच्या दारात गेलेली नाही.

दोन वर्षांमागे उत्तमनं टेम्पोवाल्याच्या हाती एक टॅब पाठवला. नात दर रविवारी फोन करेल, मी तिचं तोंड बघून बोलावं, म्हणून. पहिल्या रविवारी तो वाजला. पडद्यावर रेवतीचा फोटो, खाली एक हिरवं वर्तुळ, एक लाल. उचलायचं तर हिरवं. मी बोट टेकवलं. वाजतच राहिला. दुसरं टेकवलं. पुसून टेकवलं, थुंकी लावून टेकवलं. एकेक करून दहाही टेकवली. वाजून वाजून तो बंद झाला आणि फोटो गेला. पेरानं ढकलायला गेले तर लालवर सरकलं. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी सकाळी मी माळ्यावरून पितळी डबा काढला.

आता जमतं. फोन वाजला की बाण शोधते, हिरव्यावर नेते, दाबते. तेवढ्यात कधी कधी बंद होतो, मग पोर परत लावते.

गेल्या रविवारी मी तिला म्हणाले, “तुझी आई कुठं हाय?”

“ही काय, आत काम करतेय.” तिनं फोन फिरवला. टेबलाशी वैजू पाठमोरी बसली होती. केस पिकायला लागलेत. समोर कॉम्प्युटर. उजवा हात माऊसवर. म्हणजे अजून माऊसच.

“आई, आजी विचारतेय तुला.”

पाठ तशीच राहिली. हात तेवढा थांबला.

“काय सांगू तिला, आजी?” रेवतीनं विचारलं.

नऊ वर्षं मी ते वाक्य जुळवलं आहे. भांडी घासताना म्हणून बघते, देवापुढे म्हणून बघते. तोंडापर्यंत आलं होतं.

“काय न्हाई,” मी म्हणाले. “भात करपतोय माझा. ठेवते.”

बाण लालवर नेला आणि दाबलं. कितीदा पुसला, तरी त्या माऊसच्या फटीत राख राहिलीच आहे. दाबलं की करकरते.